‘पा’ म्हणजे पालाश की पारा?

दादा, खतावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: खताच्या पोत्यावर आणि माती परीक्षणाच्या कागदावर इंग्रजी अक्षरं कशाला? न (नत्र म्हणजे नायट्रोजन), स्फु (स्फुरद म्हणजे फॉस्फरस), पा (पालाश म्हणजे पोटॅश) लिहिलं तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लगेच उमजेल. आणि पोटॅशला ‘पी’ सोडून ‘के’ देणं हा तर निव्वळ साहेबाचा वेडेपणा.

साहेबाचा नाही. इंग्रज पोटॅशियमच म्हणतो, त्यात ‘के’ कुठंच नाही. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीनं पोटॅशमधून वीज सोडून हा धातू वेगळा काढला आणि पोटॅशियम नाव दिलं. जर्मन मंडळींनी कालियम पसंत केलं. त्याचं मूळ अरबी, अर्थ वनस्पतीची राख. आपण अल्कली म्हणतो तोही त्याच घरचा. पुढं १८१३-१४ च्या सुमारास बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं लॅटिन नावांवरून अक्षरं ठरवली. कालियमचा ‘के’, सोडियम ‘एनए’, लोह ‘एफई’, शिसं ‘पीबी’. अशी अकरा चिन्हं इंग्रजी नावाशी जुळत नाहीत, ती लंडनच्या पोरालाही घोकावीच लागतात.

आता तुमची न-स्फु-पा. तीन घटकांपुरती छान चालते, आणि बोलताना आपण नत्र, स्फुरद, पालाश म्हणतोच, म्हणावंच. पण तपासणीचा कागद तिथं थांबत नाही. ‘पा’ लिहिलं तर पालाश की पारा? ‘न’ नत्राला दिला, मग निकेलला ‘नि’, निऑनलाही ‘नि’? सगळ्यात अवघड जागा मॅग्नेशियम आणि मँगेनीजची. दोन्ही नावं ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या एकाच मुलखावरून आलेली, मराठीत दोघांच्या पहिल्या अक्षरात फरक उरतो तो एका अनुस्वाराचा. कपाशीवर लाल्या (पानं लाल पडणं) दिसला, मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी ठरली, चिठ्ठीवर घाईत नुसतं ‘मॅ. सल्फेट’ लिहिलं आणि दुकानातून मँगेनीज सल्फेटचा पुडा आला, तर पैसे गेले आणि लाल्या तसाच. मॅग्नेशियमची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते, मँगेनीजची वरच्या कोवळ्या पानांवर. म्हणजे औषध चुकलं हे कळायलाही वेळ जातो. ‘एमजी’ आणि ‘एमएन’ लिहिलं की प्रश्न मिटला. चिन्ह कुठल्या भाषेतलं आहे यापेक्षा ते दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही ना, हे महत्त्वाचं. ११२ व्या मूलद्रव्याला, कोपर्निशियमला, आधी ‘सीपी’ सुचवलं होतं. ते अक्षर पूर्वी ल्युटेशियमच्या एका जुन्या नावासाठी वापरलं गेलं होतं, एवढ्यावरून ते बदलून ‘सीएन’ केलं.

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. १०:२६:२६ (नत्र:स्फुरद:पालाश) च्या पोत्यात ‘२६ टक्के फॉस्फरस’ असं मी लेखात लिहिलं होतं. चूक. नत्राचा आकडा खरा नत्राचाच असतो; बाकीचे दोन आकडे ऑक्साइडच्या रूपात मोजायची जुनी रीत आहे. स्फुरदाच्या त्या ऑक्साइडमध्ये दोन अणू फॉस्फरसचे, पाच ऑक्सिजनचे: १४२ भागांत ६२ भाग फॉस्फरस. म्हणून त्या आकड्याला ०.४४ नं गुणायचं, पालाशाच्या आकड्याला ०.८३ नं. ५० किलोच्या पोत्यात नत्र ५ किलो, फॉस्फरस सुमारे ५.७ किलो, पोटॅशियम सुमारे १०.८ किलो. पटत नसेल तर लाल पोटॅशचं पोतं बघा, वर ६० लिहिलेलं असतं. ते पोटॅशियम क्लोराइड. अगदी शुद्ध असलं तरी त्यात पोटॅशियम ५२ टक्केच मावतं. साठ येणार कुठून?

खताचा डोस काढताना मात्र हा गुणाकार करू नका. शिफारशीतले स्फुरद-पालाशाचे किलोही त्याच ऑक्साइडच्या हिशेबात दिलेले असतात. पोत्यावरच्या आकड्याला गुणलं आणि शिफारस तशीच ठेवली तर स्फुरद दुपटीहून जास्त पडेल. मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे.