काकडीनं भागत नाही, हे मान्य

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण ते चिडून लिहिलं गेलं असतं. आधी सांगा, वडील आता कसे आहेत? सलाईन लावून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं म्हणता, पण परत रानात गेले का ते लिहिलं नाहीत. गेलेच असणार. आमच्या सोलापूरकडचे म्हातारेही तसेच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 'पाणी पिऊ नका, पाणी खा!' या माझ्या लेखावर दादांनी लिहिलंय की काकडी-कलिंगडानं तहान भागते हे पंख्याखाली बसणाऱ्यांचं शास्त्र आहे. त्यांचे वडील एप्रिलमध्ये कांदा काढायला गेले, दहा वाजता कलिंगडाच्या चार फोडी खाल्ल्या आणि दुपारी बांधावर चक्कर येऊन पडले. डॉक्टर रोज आठ ग्लास पाणी प्यायला सांगतात, मग तुम्ही कोण? आणि शहाळं नि स्ट्रॉबेरी रोज कुणाला परवडतं?

पहिला मुद्दा तुमचा खरा आहे, आणि तो तुम्ही मांडलात त्याहून जास्त खरा आहे. 'दोन काकड्या म्हणजे दोन ग्लास पाणी' असं मी ऐटीत लिहिलं होतं. काकडीत ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे हिशेब फारसा चुकत नाही. पण हा हिशेब कुणासाठी? उन्हात वाकून काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. कलिंगडात पाणी साधारण ९१ टक्के. म्हणजे एका तासाचा घाम भरून काढायला अकराशे ग्रॅमच्या आसपास नुसता गर लागेल. सकाळी सात ते बारा कांदा काढला तर साडेपाच किलो! इतकं कलिंगड खाऊन कोण वाकू शकेल?

शिवाय घाम खारट असतो. कलिंगडात मीठ जवळजवळ नसतंच, आणि साध्या पाण्यातही नसतं. त्यामुळे घामानं भिजलेल्या माणसानं नुसतं पाणीच पाणी प्यायलं, तरी मिठाची तूट राहते. वडिलांना नेमकं काय झालं ते डॉक्टरांनाच माहीत, मी डॉक्टर नाही. पण लेखात मिठाचा 'म'सुद्धा नव्हता, ही चूक माझी. रानात न्यायला मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं किंवा आंबील हे फोडींपेक्षा कितीतरी बरं. पाण्याची कळशी लागतेच, तिला पर्याय नाही. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, भाजी वाढायचा नव्हे. या मीठ-साखरेच्या पाण्याला कमी लेखू नका. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी ड्रमांत भरून लोकांना पाजलं आणि हजारो जीव वाचले.

अजून एक वाक्य मी मागे घेते. 'फळातलं पाणी पेशींना जास्त लागू पडतं' असं लिहिलं होतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेलं होतं. आतड्यात गेल्यावर पाणी ते पाणीच, काकडीतलं असो की माठातलं.

आता आठ ग्लासांचं. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या वडिलांना सांगितलं असेल तर तेच ऐका. मुतखडा झालेल्याला तर त्याहूनही जास्त प्यावं लागतं. पण सगळ्या जगाला लागू केलेला हा आकडा कुठून आला असावा, ते मजेशीर आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या एका अन्नविषयक मंडळानं मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं. त्याला लागूनच पुढे म्हटलं होतं की यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातच असतं. लोकांनी पहिलं वाक्य ठेवलं आणि हे गाळलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या शरीरशास्त्रज्ञानं आठ ग्लासांना काही शास्त्रीय आधार सापडतो का ते शोधलं. त्यांना तो सापडला नाही. पण त्यांनीही स्पष्ट म्हटलंय की हे समशीतोष्ण हवेतल्या, बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसांपुरतं आहे. म्हणजे कांद्याच्या रानाला ना आठ ग्लास पुरतात, ना व्हाल्टिन!

तरी अन्नातूनही पाणी मिळतं हा मूळ मुद्दा मी सोडत नाही, आणि त्याचं कारण माझी आई. वय ७९. गुडघे दुखतात, रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीतच नाही. दिवसाही तहान लागत नाही म्हणते. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे ते खोटंही नाही. गेल्या वैशाखात मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं ताट तोलायला लागले. वाटीभर, दीडशे ग्रॅम तांदूळ शिजून ४३० ग्रॅम मऊ भात झाला. म्हणजे २८० ग्रॅम पाणी भातातच बसलेलं. आमटी, दुधीची भाजी, कोशिंबीर आणि आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी धरून ती जेवढं जेवली, त्यात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी होतं. ताक वेगळंच.

मग आली एकादशी. शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचे वेफर्स, दोन खजूर. अख्ख्या दिवसाच्या खाण्यात पाणी अर्धी वाटीही नसेल. संध्याकाळी जीभ कोरडी पडलेली, आणि मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारली. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजल्यावर तासाभरानं माणसात आली. वेफर्सची पिशवी मी तेव्हाच शेजारी देऊन टाकली. आता एकादशीला भगर, दाण्याची पातळ आमटी आणि काकडीची कोशिंबीर. उपास मोडत नाही, ती खुश, मी निश्चिंत. (उलटही लक्षात ठेवा: हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारानं ज्यांना पाणी मोजून दिलंय, त्यांच्या हिशेबात कलिंगडही धरावं लागतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे किडनीवाल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नये.)

शहाळं-स्ट्रॉबेरीबद्दल काय बोलू? फोटो छान येतो म्हणून घातलं होतं. अर्ध्या लिटर दुधाच्या दह्याचं ताक आमच्या घरी चौघांना पुरतं. दुधी, मुळा, पडवळ, दोडका, सगळ्यांत पाणी नव्वद टक्क्यांच्या पुढे. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायच्या कांद्याचंही तुम्ही लिहिलंय. तो खिशात काही करत नाही; फोडून भाकरीबरोबर खाल्लात तर त्यातलं पाणी निदान पोटात तरी जाईल.

लेखाचं शीर्षक आज बदलते आणि मिठाचा परिच्छेद वर घालते.

आणि हो, तुमच्या बाजरीत पूर्वी वाळकं (काकडीसारखी गावरान फळं) असायची असं लिहिलंयत. इथल्या बाजारात मला ती कित्येक वर्षांत दिसली नाहीत. वडिलांनी बी जपून ठेवलं असेल तर विचारून सांगा.