विंडोज 20 टक्के वेग राखून ठेवते, हे खरे नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश माझ्या मामेबहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने त्यातल्या सूचना अमलातही आणल्या, म्हणून हे लिहिणे भाग आहे. मोडेम तोच असूनही इंटरनेट विंडोजवर संथ आणि लिनक्सवर वेगवान चालते, कारण विंडोज 20 टक्के बँडविड्थ (जोडणीची डेटा वाहून नेण्याची क्षमता) स्वतःसाठी राखून ठेवते, असा त्यातला दावा आहे. उपाय तीन: ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ते प्रमाण शून्य करा, टीसीपीचे (इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याच्या पद्धतीचे) ‘ऑटो-ट्यूनिंग’ बंद करा, डीएनएस बदलून वेग दुप्पट करा.

20 टक्क्यांची ही गोष्ट विंडोज एक्सपीच्या काळातली आहे आणि तिचे खंडन खुद्द मायक्रोसॉफ्टने केलेले आहे. कंपनीच्या 316666 क्रमांकाच्या लेखानुसार, एखाद्या प्रोग्रामने प्राधान्य मुद्दाम मागितले नसेल, तर शंभर टक्के बँडविड्थ सर्वांना खुली असते. मागितले असले, तरी तो प्रोग्राम प्रत्यक्ष डेटा पाठवत नसताना राखीव हिस्साही इतरांना वापरता येतो. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर मुळातच नसतो.

खरा अपाय दुसऱ्या उपायाने होतो. डेटा मिळाल्याची पोच येण्याआधी किती डेटा वाटेत असू शकतो, याची मर्यादा ऑटो-ट्यूनिंग गरजेनुसार वाढवते. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ही सोय आहे आणि लिनक्सही हेच करते. ती बंद केली की ही मर्यादा 64 केबीवर अडकते. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला 200 मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीवर सेकंदाला जेमतेम 2.6 मेगाबिट मिळतात, मग घरातली लाइन 100 मेगाबिटची का असेना. जवळच्या सर्व्हरवर केलेल्या स्पीड टेस्टमध्ये ही घट दिसतच नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि परदेशातून फाइल उतरवताना मोडेमला दोष देतो. बहिणीचे नेमके हेच झाले. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी एवढा तरी हिशेब करायला हवा होता.

डीएनएस फक्त संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देतो. डाउनलोडचा वेग त्याने दुप्पट होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: प्रणालीनुसार फरक पडू शकतो. डायल-अपच्या काळातले ‘विनमोडेम’ सिग्नलवरची प्रक्रिया संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेत आणि त्यांचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) बहुधा विंडोजपुरतेच असत, त्यामुळे लिनक्सवर त्यांतले अनेक चालतच नसत. आजही यूएसबी डोंगल किंवा वायफाय कार्डाचा ड्रायव्हर एका प्रणालीवर चांगला आणि दुसऱ्या प्रणालीवर सुमार असू शकतो. पण तो दोष ड्रायव्हरचा असतो, राखीव बँडविड्थचा नव्हे.

तपासायचेच असेल, तर त्याच संगणकावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे आणि केबल, पोर्ट व सर्व्हर तेच ठेवून वेग मोजावा. फरक दिसला, तर आधी ड्रायव्हर पाहावा. दोन्हीकडे जोडणी 1000 ऐवजी 100 मेगाबिटची दिसली, तर केबल बदलून पाहावी, कारण गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात आणि 100 मेगाबिटला दोनच पुरतात.