सोलापूरला या, पण घरीच राहा

नाताळच्या सुट्टीतले पाहुणे परवा गेले. आता घरात जरा शांतता आहे, तेव्हा जे त्यांच्यासमोर अर्धंच बोलले ते इथे पूर्ण बोलून घेते. सुट्टीला आलेल्या नातेवाइकांना घेऊन रोज सकाळी गाडी काढायची ही जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही.

सोलापूरच्या घरात पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर प्रश्न येतो, ‘अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर एका दिवसात होईल ना?’ होतं की! अक्कलकोट एका अंगाला चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर दुसऱ्या अंगाला त्याहून थोडं जास्त, आणि पंढरपूर तिसऱ्याच दिशेला सत्तरच्या पुढे. मधोमध आपण. म्हणजे एक देव झाला की परत घरावरूनच पुढच्या देवाला जायचं. तीनशे किलोमीटर गाडीत कोंबून बसायचं, तीन ठिकाणी रांग लावायची आणि रात्री अकराला सुजलेल्या पायांनी जिने चढायचे. दुसऱ्या दिवशी नळदुर्गचा किल्ला कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो.

कुलदैवताचं मी समजू शकते. आमच्या सासूबाईंचं तुळजापूर कधी चुकत नाही आणि चुकूही नये. पण बाकीचं सगळं ‘आलोच आहोत तर’ या खात्यातलं असतं.

यावर आमचे भाऊजी म्हणतात, ‘वहिनी, बाहेर पडलो की तुम्हालाही स्वयंपाकाला सुट्टी मिळते.’ भाऊजी मनाचे फार चांगले आहेत, पण त्यांना एकदा पहाटे चारला माझ्या ओट्यापाशी उभं करायचंय. धपाट्यांची चळत, दशम्या, चटणी, दही गळणार नाही अशा डब्यात, सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याचा स्वेटर, आणि सहाच्या आत अकरा माणसांच्या अंघोळी.

अंघोळीवरून आठवलं. उजनीसारखं 117 टीएमसीचं धरण आपल्याच जिल्ह्यात भीमेवर उभं आहे आणि शहरातल्या नळाला मात्र मध्ये काही दिवस गेल्याशिवाय पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. पाहुण्यांना मात्र दर वेळी सांगावं लागतं. पुण्याची माणसं नळ सोडून दात घासतात! या वेळी मी जावेच्या मोठ्या मुलाला नळाच्या दिवसाचा मुकादम केला. मोटर लावायची, गच्चीवर जाऊन टाकी बघायची, ती भरत आली की वरून ओरडायचं, मग पिंपं, मग बादल्या, शेवटी कळश्या. पोरगा तीन तास मोबाइल विसरला. संध्याकाळी शेजारच्या पोरांना ‘काय बे, तुमची टाकी भरली का’ असं विचारत होता. त्याला पाठवलेलं कुठलंही शिबिर इतकं लागू पडलं नसेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की घरात काम असतं आणि त्यात पाहुण्याला ओढावं. ‘तुम्ही बसा हो, सुट्टीला आलाय’ म्हटलं की तो दोन दिवसांत कंटाळतो आणि गाडीच्या भाड्याची चौकशी सुरू करतो.

या वेळी माझ्या हट्टाखातर तुळजापूर सोडून बाकी सगळे दिवस घरी काढले. शेंगाची चटणी उखळात कुटायला घेतली. ती मिक्सरमध्ये नुसता भुगा होते. उखळात कुटली तरच शेंगाचं तेल सुटतं आणि तिखट-लसूण त्यात मुरतं. एकीनं कुटायचं, दुसरीनं शेंगा फोडून सालं पाखडायची, तिसरीनं ‘अजून थोडं तिखट घाल’ म्हणायचं. या तिसऱ्या कामाला आमच्या वन्सं कायम तयार असतात.

तिथेच, सालं पाखडताना, एक विषय निघाला. सासूबाईंनी उन्हाळ्यात पुण्याला राहावं, असं जाऊबाई कितीतरी महिने फोनवर म्हणत होत्या. सासूबाई ‘बघू’ म्हणत होत्या, आणि त्या ‘बघू’चा अर्थ प्रत्येकानं आपापल्या सोयीनं काढला होता. जाऊबाईंना वाटत होतं, मीच सोडत नाही. मला वाटत होतं, त्या नुसतं तोंडदेखलं बोलावतात. सासूबाईंनी मुसळ हातातून ठेवलं आणि म्हणाल्या, ‘तिथं माझ्याशी कानडीत बोलायला कोण हाय? इथं भाजीवाली हाय, समोरची हाय. दार उघडलं की माणूस दिसतंय.’ संपला विषय. कुणाला राग आला नाही असं नाही. जाऊबाई संध्याकाळपर्यंत गप्प होत्या. पण गाडीत पुढच्या सीटवर भाऊजी आणि मागे गाणी लावलेली असताना हे बोलणं झालं असतं का? भटकंतीचा खरा उपयोग मला तोच वाटतो. अवघड विषय टाळता येतात.

हुरड्याला मात्र आम्ही गेलो. तो माझ्या हिशेबात भटकंतीत धरत नाही, कारण माहेरचंच शेत आहे आणि तिथे बघायचं काहीच नाही. आगटी पेटवायची, गूळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजायची, हातावर चोळायची, फुंकायची आणि गरम असतानाच तोंडात टाकायची. हल्ली माणशी दर लावून हुरडा मिळतो, सोबत बैलगाडी आणि सेल्फीला फेटा. चालू द्या. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात, माझी तक्रार नाही.

आणि रात्री जेवल्यावर गल्लीपर्यंत चक्कर. या दिवसांत सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी नंदीध्वज पेलण्याचा सराव चालू असतो. यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली मिरवणूक सगळे बघतात, पण रोजच्या कपड्यांत, घामाघूम होऊन तो उंच ध्वज तोलणारी पोरं बघायला मिळतात ती आत्ताच. पुण्याची मंडळी पाऊण तास हलली नाहीत.

लोक म्हणतील, दोन-तीन दिवसांत एवढं सगळं कुठलं व्हायला. हे खरंय. सासरे गिरणीत होते तेव्हा पाहुणे महिनाभर राहत. आता 2023 पासून वंदे भारत आहे, मुंबईहून रात्री येते आणि पहाटे सहाला परत निघते. येणं सोपं झालं तसा मुक्कामही आटला. पण दिवस कमी आहेत म्हणून ते रस्त्यावर घालवायचे, हा हिशेब मला कळत नाही.

पुढच्या वर्षी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला या, असं मी फॅमिली ग्रुपवर आत्ताच टाकून ठेवलंय. नळाचा दिवस विचारून तिकीट काढा, असंही लिहिलंय. भाऊजींनी अंगठा दाखवला. खाली वन्संनी विचारलंय, ‘गाणगापूर किती लांब आहे गं?’