सिंगल ॲक्शनमध्ये सहावं घर का भरायचं नाही

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत एक मजकूर पुढे पुढे ढकलला जातोय. त्याचा गाभा असा: ‘सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा घोडा हाताने मागे ओढल्याशिवाय गोळी सुटूच शकत नाही. तेव्हा चक्रीतली (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यातली) सहाही घरं बिनधास्त भरा. जुन्या-नव्यात फरक फक्त दिसण्याचा, आणि जुनं लोखंड कधीही दमदार.’ शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात, वारशाने आलेलीसुद्धा त्यातच मोजली जातात. त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत कोणतं ठेवायचं आणि कोणतं सोडायचं, हा प्रश्न खराच आहे. पण उत्तर या मजकुरातून घेऊ नये.

‘घोडा ओढल्याशिवाय सुटत नाही.’ घोडा न ओढता नुसता चाप दाबून सुटत नाही, एवढंच खरं. १८७३च्या कोल्टच्या घडणीत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी टोकदार सळई, घोड्याच्या नाकावरच असते. घोडा खाली टेकवला की तिचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर बसतं. हत्यार हातातून निसटून घोड्यावर पडलं तर तो धक्का टोपीला पुरतो, चापाला कुणी हात लावायची गरज नाही.

‘घोडा जरासा मागे ओढला की तो जिथे अडकतो ती पहिली खाच सुरक्षेसाठीच आहे ना?’ आहे, पण ती भर कशावर टाकते ते पाहा. चापाचं बारीक टोक त्या खाचेत अडकलेलं असतं. जोराचा मार बसला की टोक तरी तुटतं, नाही तर खाचेची कड. पिन दोन काडतुसांच्या मध्ये टेकवण्याची युक्तीही कुचकामी, कारण तेव्हा चक्री कुलूपबंद नसते, ती जरा धक्क्याने फिरते.

म्हणून जुन्यात पाचच. नळी सुरक्षित दिशेला, घोडा हाफ-कॉकवर (अर्धा मागे), लोडिंग गेट (काडतुसं भरायचं बाजूचं झाकण) उघडा. एक घर भरा, एक सोडा, पुढची चार भरा. गेट बंद करून घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून हळू खाली आणा. तो रिकाम्या घरावर येतो. हाफ-कॉकवरूनच परत खाली सोडू नका. चक्रीवर चरे पडतात आणि रिकामं घर जागेवर येत नाही.

‘फरक फक्त दिसण्याचा.’ इथे तर दिसणंच फसवतं. रुगर या अमेरिकी कंपनीच्या १९५३ ते १९७२ च्या सिंगल ॲक्शन मॉडेलांत पिन फ्रेममध्ये आहे, म्हणजे वरवर आधुनिक. पण मधे ट्रान्सफर बार (घोड्याचा मार पिनपर्यंत नेणारी पट्टी) नसल्याने घोडा त्या पिनवरच टेकतो. त्यांनाही पाचाचाच नियम. १९७३च्या न्यू मॉडेलपासून बार आला: चाप दाबून धरला तरच तो वर येतो आणि घोड्याचा मार पिनपर्यंत पोचवतो. बाजूला तीन स्क्रू असतील तर जुनं, दोन पिना असतील तर नवं, ही ओळख बरीचशी चालते; मात्र कारखान्यात बार बसवून घेतलेल्या जुन्यांवरही तीन स्क्रूच राहतात. सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा पाहा, घोडा ओढा, तो अंगठ्याने घट्ट धरून चाप दाबा. घोडा आणि फ्रेम यांच्या मध्ये चपटी पट्टी वर सरकताना दिसली तर बार आहे. अशा हत्यारात सहा भरता येतात.

नव्यातही एक कटकट आहे. हाफ-कॉक नाही, गेट उघडलं की चक्री मोकळी होते, आणि ‘टक्’ ऐकून थांबलं तर घर गेटच्या किंचित पुढे गेलेलं असतं. मग पूर्ण फेरा. जुन्याचा घोडा ओढताना येणारे चार टक्, तो मऊ चाप, याचं कौतुक आम्हालाही आहे.

‘जुनं लोखंड दमदार.’ कोल्टने धूरविरहित दारूची हमी १९०० साली दिली. त्याआधीच्या फ्रेमा काळ्या दारूच्या दाबासाठी. त्यांत आजची काडतुसं घालू नयेत. शिवाय आत पट्टीच्या स्प्रिंगा आहेत. चाप आणि चक्रीचं कुलूप ज्या दुफाळी स्प्रिंगवर चालतं, तिचा एक पाय मोडला की चक्री अडत नाही किंवा चाप ढिला पडतो. रुगरमध्ये वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत, त्या क्वचितच मोडतात. नेहमी चालवायचं असेल तर म्हणून नवंच ठेवा. आजोबांचं कोल्ट जपायचं असेल, तर पुढच्या वेळी बंदूकसाजाकडे न्याल तेव्हा ती दुफाळी स्प्रिंग आणि चापाचं टोक आधी दाखवा.