मामा, चाकणची ट्रायम्फ 'डुप्लिकेट' नाहीये

काल फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला. भारतातली ट्रायम्फ 400 ही बाइक म्हणजे बजाजच्या पल्सरला इंग्लिश स्टिकर, ओरिजिनल फक्त इंग्लंडमध्ये बनते, चाकणचा माल गोरे स्वतः घेत नाहीत, आणि तरी इंग्रजांना पैसे देणारे ते गुलाम. खाली सतरा अंगठे. एरवी सोडून दिलं असतं, पण मामेभावाने ट्रायम्फचीच स्पीड 400 बुक केलीय आणि मामा सकाळपासून कॅन्सल कर म्हणून त्याच्या मागे लागलेत.

मामा, ट्रायम्फची ब्रिटनमधली स्वतःची प्राइसलिस्ट बघा. 2023 ला हीच गाडी तिथे 4,995 पाउंडला लाँच झाली आणि ती जाते पुण्याजवळच्या चाकणहूनच, बजाजच्या कारखान्यातून. इंग्लंडमध्ये ही 400 बनतच नाही तर ओरिजिनल आणणार कुठून? ट्रायम्फच्या त्या मोठ्या बॉनेव्हिल बाइकसुद्धा कित्येक वर्षं थायलंडला बनतायत, 2020 मध्ये कंपनीनेच सांगितलं की जास्त खपाच्या गाड्या तिकडेच बनवणार.

पल्सरचं इंजिन वगैरे तर सोडाच, पल्सर एनएस 400 आली ती 373 सीसी घेऊन, ही आली ती 398 ची.

मला राग आलाय तो 'चाकणचा माल' या शब्दांचा. आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीला आहे, पहाटे साडेपाचला कंपनीची बस पकडतो, दिवसभर गो-नोगो गेज (माप बरोबर की चूक ते दाखवणारं हत्यार) घालून ब्रॅकेटची भोकं तपासतो, आणि एक पीस चुकीचा निघाला की अख्खा लॉट लाल क्रेटमध्ये. 2011 पासून केटीएम कंपनीच्या ड्यूक बाइक चाकणहून युरोपला जातायत, त्या काय गोरे डोळे मिटून घेतात? देशप्रेमाचा मेसेज म्हणे, आणि शिव्या कुणाला तर आपल्याच पोरांना!

बरं, डिझाइन हिंकलीचं, म्हणजे ट्रायम्फच्या इंग्लंडमधल्या मुख्यालयाचं आहे, नाव त्यांचं आहे आणि नावाचे पैसे तिकडे जाणारच, हे मान्य. जाहिरातीत 1902 पासूनचा वारसा मिरवतात आणि चाकणचं नाव काही तेवढ्या जोरात घेत नाहीत, ते मलाही खटकतं. पण गाडी बनवते बजाज, आकुर्डीची, ती काय विलायतेहून आलीय?

आणि हे सगळं बोलतंय कोण, तर स्वतः बुलेटवर फिरणारा माणूस! 'आपली गाडी' म्हणून दर रविवारी फडक्याने टाकी पुसता ना, ती मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची हो. 1955 ला मद्रासला जुळवायला लागले, पुढे तिकडचा कारखाना बंद पडला आणि 1977 पासून मद्रासची बुलेट उलटी ब्रिटनला जायला लागली. नाव तिकडचं, हात इकडचे, तिथेही तेच की. मग तुमची बुलेट अभिमान आणि पोराची ट्रायम्फ गुलामी, हे कसं काय?

बुकिंग कॅन्सल होत नाहीये. शनिवारी डिलिव्हरी आहे, नारळ तेवढा घेऊन या.