बॅजसाठी कोण उठतं पहाटे?

क्विझ, बॅजेस (धडा पूर्ण केल्यावर स्क्रीनवर मिळणारी पदकं) आणि आकर्षक व्हिडिओंमुळे परदेशी विद्यार्थ्यांची ऑनलाइन शिकण्याची प्रेरणा टिकते, हे एका लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या, त्या आम्हा विद्यार्थ्यांसाठी थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडल्या. मी मेलबर्नच्या एका विद्यापीठात मास्टर्सला आणि बसलेलो सांगलीत! तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. ऑक्टोबरमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेतीन. एवढ्या पहाटे उठवायचा तो कर्जाचा आकडा. घर तारण आहे म्हटल्यावर झोप आपोआप उडते. घरून केलेला अभ्यासही नंतरच्या वर्क व्हिसासाठी धरणार, असं तिथल्या सरकारने जुलै २०२० मध्ये जाहीर केलं, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

अर्थात नुसत्या धाकाने माणूस लॉगिन करतो, शिकत नाही. कॅमेरा बंद करून कित्येक लेक्चरं मी पांघरुणातूनच ऐकली आहेत. फरक पडला तो ग्रुप असाइनमेंटने. गटातला एक जण कोलंबोचा, म्हणजे त्याचं आणि माझं घड्याळ एकच. सव्वाचारला त्याचा मिस्ड कॉल यायचा, आणि तो उठलाय म्हटल्यावर लोळत पडायची लाज वाटायची. ट्यूटरही रेकॉर्डिंग बंद करून थोडा वेळ थांबायची. खरे प्रश्न तेव्हाच विचारले जायचे. लेखात वेळेच्या फरकाचा साधा उल्लेखही नाही, हे मात्र खटकलं.