ओळ पुसली म्हणजे फाइल गेली, असं नसतं

‘टेक्स्ट एडिटरमध्ये फोल्डर उघडून नावं बदलणं म्हणजे आगीशी खेळ. चुकून ओळ पुसली की फाइल गेली. हे काम फाइल मॅनेजर करतो, नाहीतर टर्मिनलमध्ये एमव्ही ही नाव बदलायची कमांड आहेच.’ हा दावा सतत फिरतो, आणि नवखे लोक तो वाचून एका उत्तम पद्धतीपासून दूर राहतात, याचं मला वाईट वाटतं. या पद्धतीत फोल्डरमधल्या फाइलींची नावं एकेका ओळीत मजकुरासारखी दिसतात; ती संपादून पक्की केली की फाइलींची नावं बदलतात.

आधी पुसलेली ओळ. ईमॅक्स या एडिटरमध्ये फोल्डरची यादी दाखवणाऱ्या डायर्डमध्ये कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क्यू दाबलं की यादी संपादता येते. तिथे काहीही खोडा, कंट्रोल-सी दोनदा दाबेपर्यंत डिस्कवर काहीच घडत नाही. त्यानंतरही पुसलेल्या नावावर फक्त ‘डी’ची खूण पडते, फाइल काढायला ‘एक्स’ दाबून वेगळा होकार द्यावा लागतो. निओव्हिम या एडिटरचं ऑइल हे प्लगइन सेव्ह करताना काय काय होणार याची यादी दाखवून विचारतं. फोल्डरची यादी एडिटरमध्ये उघडणारी व्हीआयडीआर ही कमांड मात्र विचारत नाही, सेव्ह करून बाहेर पडलात की पुसलेल्या ओळीची फाइल जाते. तेवढ्यापुरता आक्षेप रास्त आहे.

आता फाइल मॅनेजर. तो सहसा सगळ्या नावांना एकच नियम लावतो: शोधा-बदला किंवा क्रमांक द्या. माझ्याकडे आजोबांच्या पत्रांची 180 स्कॅन होती आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. तारखा तक्त्यात उतरवलेल्या होत्या. एडिटरमध्ये तो अख्खा स्तंभ उचलून नावांच्या पुढे उभा चिकटवला, संपलं! एकेका फाइलवर क्लिक करत बसलो असतो तर अख्खी संध्याकाळ गेली असती, चुका वेगळ्याच.

आणि एमव्ही? त्या नावाची फाइल आधीच असेल तर एमव्ही सहसा न विचारता तिच्यावर लिहून मोकळा होतो. मग आगीशी खेळ नेमका कुठला? माझी 14 आणि 15 क्रमांकाची पानं उलटी स्कॅन झाली होती. एमव्हीने अदलाबदल करायची तर सहसा मध्ये तिसरं नाव घ्यावं लागतं. डायर्डमध्ये दोन्ही नावं सरळ बदलली. तात्पुरतं नाव त्याने स्वतःच घेतलं.

खरी उणीव दुसरीच आहे. बदल पक्के केल्यावर एडिटरचं अनडू फाइलींची जुनी नावं परत आणेल, असं धरून चालू नये. म्हणून मी संपादन सुरू करण्याआधी मूळ यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.